आम्ही इथे व्यापारी म्हणून आलो

फायनल तोंडावर आली आणि नववीतल्या वैभवी महाडिकने डिबेटमधून नाव काढून घेतलं. मस्कतच्या एका भारतीय शाळेत मी इतिहास शिकवते. डिबेटची टीमही माझ्याच गळ्यात. कारण विचारलं तर पोरगी रडायलाच लागली. सेमीफायनलला दुसऱ्या शाळेतल्या गोऱ्या मुलांनी तिला बघून नाक दाबलं होतं. वर विचारलं होतं, तुम्ही लोक इथे साफसफाईला येता ना? तेव्हापासून ती डब्यात मासे आणत नव्हती आणि स्टेजचं नावही काढत नव्हती.

प्रिन्सिपल मॅडमनी प्रकरण फार गांभीर्याने घेतलं. म्हणजे सर्क्युलर काढलं. गुरुवारी 'कल्चर डे', सगळ्यांनी पारंपरिक पोशाखात यावं. वंशद्वेषावर नऊवारी हा उतारा मला तरी नवा होता.

मी म्हटलं, मुलांना भारत आणि ओमानमधल्या या समुद्राचा इतिहास शिकवते. त्यांनी विचारलं, "पोर्शनमध्ये आहे का?" पोर्शन म्हणजे वर्षभरात संपवायचा अभ्यासक्रम. तो कळला नाही तरी चालतं, संपला पाहिजे. हा इतिहास अर्थातच त्यात नव्हता. मग मी सबस्टिट्यूशनवर डोळा ठेवला. शिक्षक रजेवर गेला की त्याच्या वर्गावर दुसऱ्याने जाऊन मुलांना गप्प ठेवायचं, ते सबस्टिट्यूशन. नववीच्या केमिस्ट्रीच्या सरांना कांजिण्या झाल्या आणि मला देव पावला.

मलबारच्या सागवानाची ओमानी जहाजं, मस्कतच्याच मत्रह बंदरातल्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या बसलेले कच्छी व्यापारी, सगळं सांगितलं. तेल सापडायच्या कितीतरी आधी आपली माणसं इथे होती, हे ऐकून वर्ग ताठ बसला. दुसऱ्या दिवशी वैभवी म्हणाली, "मिस, मी बोलणार."

फायनलचा विषय होता स्थलांतर. बोललीही अशी की समोरची टीम कागदच चाळत राहिली. शेवटी खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "आम्ही इथे व्यापारी म्हणून आलो. आम्ही लेबर नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ट्रॉफी आमची. पोर्शनबाहेरचा इतिहास एका मिनिटात शाळेची परंपरा झाला आणि मॅडमनी माझ्यासोबत फोटोही काढला.

टाळ्या वाजवणाऱ्यांत वैभवीचे वडीलही होते. मूळचे चिपळूणचे, मस्कतच्या गाला भागातल्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. अर्बाबची, म्हणजे मालकाची, परवानगी काढून आले होते. कार्यक्रम संपल्यावर मला भेटायला आले.

"फर्स्ट क्लास बोलली हो, मॅडम. तुमचे उपकार आहेत." मग म्हणाले, "तुमच्या त्या तासापासून ती गेटपर्यंत येऊ देत नाही मला. अलीकडच्या सिग्नललाच उतरते. गॅरेजची पिकअप आहे ना, बाकीची मुलं बघतात."

तक्रार नव्हती त्यांची, कौतुकानेच सांगत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाक दाबणाऱ्या पोरांना दिलेलं उत्तर थेट तिच्या बापाला जाऊन लागलं होतं.

तो तास मी अजूनही घेते. फक्त आता सुरुवात व्यापाऱ्यांपासून करत नाही. त्यांची पोती जहाजातून पाठीवर उतरवणाऱ्या हमालांपासून करते. वर्ग तितकासा ताठ बसत नाही आणि ट्रॉफीही त्यानंतर आलेली नाही.