पत्ता: दुकानाचा ओटा

आपण नमस्कार करावा आणि त्यांनी गळ्यातली टेप काढून आपला खांदा मोजावा, ही चाचांची बोलायला सुरुवात करायची पद्धत. कपडे शिवायचे असोत वा नसोत. जव्हारच्या एसटी स्टँडवर उतरून तुम्ही समोरच्या गल्लीत शिरला असाल, तर तुमचाही खांदा त्यांनी मोजला असेल. कोणी वैतागून म्हणालं, "चाचा, मला काही शिवायचं नाहीये," तर टेपवरची नजर न काढता ते म्हणायचे, "ज्याचं माप निघतं तो माणूस. मी तेवढंच बघतो."

आधार कार्ड काढायचं माझं केंद्र त्यांच्या टेलरिंगच्या दुकानाला लागून. मध्ये एकच भिंत. त्यामुळे ते मला चांगलेच ठाऊक होते, आणि ते काही गोड म्हातारे नव्हते. साखरशेत, दाभोशाहून जीपने गणवेश शिवायला येणाऱ्यांशी हसूनखेळून वागायचे. पण समोर साहेब उभा राहिला की त्यांच्या अंगात यायचं.

त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर मंगळीबाय राहायची. मूळची पोशेऱ्याची. वीटभट्टीवर कामाला गेली असताना नवरा वारला, गावी परतली तर झोपडं पडलेलं आणि त्या जागेवर दिराने नाचणी पेरलेली. आधार कार्ड नाही म्हणून रेशन नाही, निराधारांची पेन्शन नाही. एके दिवशी ती माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"आजी, पत्ता काय घालू?"

"घर पडला ना बा. ओट्यावं निजते."

"ओटा पत्ता म्हणून चालत नाही, आजी."

भिंतीपलीकडचं मशीन थांबलं. चाचा टेप घेऊन आले. मंगळीबायचा खांदा मोजला, बाही मोजली, आणि माझ्याकडे वळले.

"निघालं माप. आता लिहो, कॉम्प्युटरवाले. माझ्या मार्फत. दुकानाचा ओटा, एसटी स्टँडसमोर."

"चाचा, मी लिहीन हो. पण नगरसेवकाचा दाखला लागतो."

"बस, एवढंच?"

एवढंच नव्हतं. नगरसेवक आधी "बघू" म्हणाले, मग "ती आमच्या वॉर्डातली नाही" म्हणाले. त्यानंतर चाचा त्यांच्या दारात गेलेच नाहीत. नगरसेवकांचा मुलीच्या लग्नात घालायचा कुर्ता चाचांकडेच शिवायला होता. लग्न तोंडावर आलं तसे नगरसेवक स्वतः दुकानात आले. चाचांनी कुर्ता हँगरला लावून समोर धरला. शिलाई अशी की बघत राहावं. बटण मात्र एकही नाही.

"बटणं राहिलीत, चाचा."

"दाखला पण राहिलाय, साहेब."

सही इस्त्रीच्या टेबलावर झाली. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं मी नंतर म्हणालो, तर चाचा उसळले. "वैर कसलं? बटणं लावली की नाही मी?"

मग पत्त्याच्या चौकशीला तहसील कचेरीतून एक कारकून आला. ओट्याकडे बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही काय राहायची जागा आहे?"

चाचांनी टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "धरो." बिचाऱ्याने धरलं. चाचा दुसरं टोक घेऊन ओट्याच्या शेवटापर्यंत गेले. मग मंगळीबायला उभी करून तिची उंची घेतली. "बाई ओट्यावर मावते. वर जागा उरते. लिहा."

"आणि पावसात?"

"पावसात शटरच्या आत. माझं मशीन सरकतं."

"तुमची कोण लागते ही?"

"गिऱ्हाईक."

"काय शिवलंत तिचं?"

"कार्ड आल्यावर शिवणार. माप घेऊन ठेवलंय."

"वरचे साहेब मला जाब विचारतील," कारकून पुटपुटला. "घेऊन या त्यांना," चाचा म्हणाले, "त्यांचं पण माप घेतो." कारकुनाला हसू आवरेना. त्याने लिहिलं, "राहते."

कार्ड टपालाने आलं. पोस्टमनने गल्लीत मंगळीबायचं नाव पुकारलं, तेव्हा ती घाबरून उठून उभी राहिली. तिच्या नावाने आजवर कधी काही आलंच नव्हतं. चाचांनी दुसऱ्याच दिवशी कबूल केल्याप्रमाणे पोलकं शिवून दिलं. आतल्या बाजूला बरोबर कार्डाच्या मापाचा खिसा. तिने हात लावून पाहिला आणि रडली. चाचा ओरडले, "रडतेस काय? बाही टोचते का?" आणि तोंड फिरवून मशीन चालवत बसले. त्या मशीनमध्ये तेव्हा कापड नव्हतं.

मागच्या थंडीत चाचा गेले. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः जिथे भांडायला हवं तिथे मी गप्प बसतो तेव्हा.

दुकान आता एका मोबाईलवाल्या पोराने भाड्याने घेतलंय. पहिल्याच दिवशी त्याने काचेची शोकेस आणली आणि मंगळीबायला म्हणाला, "आजी, उठा. इथे शोकेस लागणार."

मंगळीबायने पोलक्याच्या आत हात घातला आणि कार्ड त्याच्यापुढे धरलं. "वाच. मी अठंच ऱ्हाते."

त्याने वाचलं. मग माझ्याकडे आला. "दादा, तुम्हीच समजवा हिला. पत्ता घातला म्हणून जागा आपली होते का?"

होत नाही. हे माझ्याइतकं जव्हारात कोणाला ठाऊक असणार? मी खुर्चीतून उठलो आणि बाहेर आलो.

"पत्ता मीच घातलाय," मी म्हणालो. "सरकारी चौकशी झालेली आहे. शोकेस आत लावा."

मग त्याने आणि हमालाने शोकेस उचलून आत नेली. मंगळीबायने कार्ड परत खिशात सरकवलं, पदर नीट केला आणि ओट्यावर पाय ताणून आडवी झाली.