बोंडाच्या तोंडावरचं फडकं

"ऑर्गॅनोफॉस्फरस पॉयझनिंग," यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरबाई माझ्या बायकोला, शोभाला, म्हणाल्या. म्हणजे फवारणीचं विष अंगात भिनणं. माझ्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. सदरा घामानं चिंब, तोंडातून लाळ. "कोणतं औषध फवारलं? लवकर सांगा."

मला बोलता येत नव्हतं. शोभानं गजूला फोन लावला. फवारणीची औषधं विकणारं कृषी केंद्र त्याचंच.

"वहिनी, माह्या दुकानातून नेलंच नाही त्यानं."

"भाऊजी, खरं सांगा, जीव चालला त्याइचा!"

त्यानं फोन ठेवला.

गजू माझा शाळेपासूनचा मित्र. मी राळेगावकडचा पेंटर, जोडीला तीन एकर कापूस. मी फवारलेल्या याच औषधाची जाहिरात त्यानं माझ्याकडून गावोगावच्या भिंतींवर काढून घेतली होती. गोल बोंड, ठिपक्यांचे डोळे, काडीसारखे हातपाय, पाठीवर पंप. मी त्याच्या तोंडाला फडकं बांधलं होतं. गजू म्हणाला, "मिटव ते. लोकं भेतात. हसू दिसलं पायजे." मी मिटवलं, कानापर्यंत हसू काढलं.

माझ्या शेतासाठी डबा देताना तो म्हणाला, "लय हलकं औषध हाये, काही होत नाही." मी उघड्या तोंडानं फवारलं.

अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं, म्हणजे विषावरचा उतारा, सुरू झाली होती. दुपारी शोभाच्या भावानं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, रिकामा डबा आणला. लेबल वाचून डॉक्टरांनी पुढचे उपचार ठरवले. तीन दिवस मी भ्रमात होतो. उताऱ्यानं तोंडाला कोरड, जीभ लाकडासारखी.

पाचव्या दिवशी हाताचं थरथरणं बघायला डॉक्टरांनी कागद दिला. "काहीही काढा." हातानं आपोआप तेच बोंड काढलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "फवारतोय ना हा? मग तोंड उघडं काहून?"

मी कागद उलटा केला.

आठव्या दिवशी गजू केळी घेऊन आला. "दुकानाचं नाव कुठीच नको घेऊ. आपली दोस्ती हाये."

"दोस्ती होती म्हणूनच डोळे मिटून पंपात ओतलं, गजू."

तो गेला. केळी शोभानं आयाबाईला दिली.

तुमच्यावर ही वेळ आली, तर माणसासोबत डबाही दवाखान्यात न्या. दुकानदाराच्या भरवशावर राहू नका. मी वाचलो तो डॉक्टरबाईंमुळे आणि शोभामुळे. ती आठ दिवस खाटेजवळून हलली नाही.

सुटी मिळायच्या दिवशी कृषी अधिकारी जबाब घ्यायला आले. मी दोन नावं लिहून दिली. एक दुकानदाराचं, दुसरं चित्र काढणाऱ्याचं.