रंगीत तालमीची चार वर्षं

माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं माझ्या दोन लहान मुलांना चार वर्षं फसवलं. चुकून नाही, नाइलाजानं नाही. दर जानेवारीत, ठरवून.

मी भंगाराचा धंदा करतो. बेंगळुरूजवळ आनेकलला माझं यार्ड आहे. लेथवरून निघालेल्या चुऱ्यात लोखंड किती आणि तेल किती, हे मी मूठभर हातात घेऊन सांगतो. तराजूचा काटा कुठं दाबून धरतात, पोत्याच्या तळाशी ओली माती कोण भरतं, हे मला धंद्याच्या पहिल्या दोन वर्षांत कळलं, कारण त्या दोन वर्षांत मला सगळ्यांनी लुटलं. त्यानंतर कुणाची टाप झाली नाही. पण घरच्या माणसाच्या पोत्यातही हात घालून बघायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दादा सरकारी कंपनीत इंजिनिअर. बनशंकरीत त्याचं घर. मी अठराव्या वर्षी मिरजेहून बेंगळुरूला आलो तो त्याच्याच दारात, आणि आठ महिने त्याच्या मागच्या खोलीत राहिलो. वहिनीनं मला कधी शिळं वाढलं नाही. हे सगळं मी नाकारत नाही. पण मी सायकलवर पोती बांधून भंगार गोळा करायला लागलो, तसं दादानं एक वचन घेतलं. त्याच्या कंपनीत दर तीन महिन्यांनी भंगाराचा लिलाव व्हायचा. तो म्हणाला, "तू तिथं बोली लावायची नाहीस. लोक म्हणतील, साहेब भावाला माल मिळवून देतात."

मी म्हणालो, "नाही लावणार."

नाहीच लावली. तिथला माल उत्तम असायचा, तांब्याची तार, पितळेचे तुकडे. इतर लोक तो माझ्या डोळ्यांदेखत ट्रक भरून न्यायचे आणि मला विचारायचे, "काय अण्णा, तुम्ही का नाही आलात?" मी कारण सांगायचो नाही. दादाची इज्जत म्हणजे आपली इज्जत, असा माझा हिशेब होता.

आता परेडचं.

सव्वीस जानेवारीच्या आधीच्या शनिवारी आम्ही आनेकलहून दुपारची बस पकडायचो. मी, बायको, मुलगी आणि मुलगा. पहिल्या वर्षी मुलगी चार वर्षांची होती आणि मुलगा दोनचा, त्याला सगळा रस्ता मांडीवर घ्यावं लागायचं. संध्याकाळी दादाकडे पोचायचं, मुलांनी चुलतभावाबरोबर गच्चीवर दंगा करायचा, आणि रविवारी सकाळी अंधार असतानाच उठून, वहिनीनं गुंडाळून दिलेल्या चटणी-पोळ्या घेऊन परेड मैदानावर जायचं. दादाच्या ओळखीचा एक सुभेदार होता, तो बाजूच्या फाटकातून आत सोडायचा.

ती परेड नव्हती. ती रंगीत तालीम होती. मला हे माहीत होतं. दादानं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "खऱ्या दिवसाचे पास आमच्या ग्रेडला मिळत नाहीत रे. साहेब लोकांना मिळतात. पण तालमीत सगळं तेच असतं, वर गर्दी नाही. पोरांना पुढं बसून बघता येतं."

मला पटलं. माल तोच, आणि रांग नाही, मग वाईट काय? मुलांना मात्र मी "परेड" असंच सांगितलं. तालीम म्हटलं असतं तर एवढ्या थंडीत ती अंथरुणातून उठली नसती. एवढं खोटं माझ्या नावावर आहे, ते मी घेतो.

आणि मुलांना काय कमी होतं? खुर्च्या रिकाम्या, हवं तिथं बसा. बँड मधेच थांबायचा, मास्तर ओरडायचा, आणि सगळी तुकडी परत मागं जाऊन पुन्हा यायची. मुलगी टाळ्या वाजवायची, "अप्पा, पुन्हा! पुन्हा येतायत!" तिला वाटायचं, हे तिच्यासाठीच चाललंय. राज्यपालांच्या जागी एक अधिकारी उघड्या जीपमधून यायचा आणि उभ्या उभ्या सलामी घ्यायचा. माझी दोन्ही मुलं खुर्चीवर उभी राहून त्याला सॅल्यूट करायची. एका वर्षी त्यानं हसून हात हलवला. मुलगी परतीच्या बसमध्ये कंडक्टरला सांगत होती, "राज्यपालांनी मला टाटा केला."

तिसऱ्या वर्षी मुलानं विचारलं, "काका, काठीला झेंडा का नाही?"

दादा म्हणाला, "वाऱ्यानं फाटेल म्हणून आत ठेवलाय. आपण गेल्यावर लावतात."

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

पाचव्या वर्षी सव्वीस जानेवारी रविवारीच आली. मुलीनं कॅलेंडर बघितलं. आता ती आठ वर्षांची होती, तिसरीत. वर्गात दर वर्षी परेड बघणारी ती एकटीच, त्यामुळे बाईंनी तिला सोमवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायला सांगितलं होतं. तिनं वहीत तयारीही केली होती. आणि त्या आठवड्यात दादाचा शेजारच्या एसटीडी बूथवर फोन आला. "या खेपेला येऊ नका. तालीम शुक्रवारीच उरकतायत. आणि तुझ्या वहिनीला ताप आहे, पाहुण्यांचं तिला झेपायचं नाही."

मी मुलीला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मग आपण बिनकाकांचं जाऊ. सोमवारी मला सांगायचंय ना."

मी म्हटलं, बरोबर आहे. बिनपासवाल्यांची रांग असते असं ऐकलं होतं. आम्ही रविवारी पहिली बस धरली. मैदानाबाहेर पोचलो तर रांग वळसा घालून पार कोपऱ्यापर्यंत. वाटेत एका पेरूवाल्याकडून मी रिकामी लाकडी पेटी मिळवली. मुलांना उभं राहायला. तो म्हणत होता, "पेटी विकायची नाही, सार." मी म्हटलं, "विकत कोण मागतंय? दोन तास भाड्यानं दे, आणि तुझे सगळे पिकलेले पेरू मी घेतो." तो म्हणाला, "पिकलेले घेऊन काय करणार?" मी म्हटलं, "तू तरी काय करणार?" तो हसला आणि पेटी दिली. मी खूश होतो. पुढचे-मागचे लोकही बायकोकडचे पेरू खात होते. एक म्हातारी मुलाला म्हणाली, "पुट्टा, बाळा, तू माझ्या पुढं उभा राहा, तुला दिसलं पाहिजे."

आमच्या रांगेच्या शेजारी दोरी बांधलेली होती. दोरीपलीकडून पासवाले जात होते. हातात छापील कार्डं, बायका रेशमी साड्यांत.

मुलगी पेटीवर उभी होती, म्हणून तिला आधी दिसलं.

"अप्पा, काका!"

दादा होता. कोट घातलेला. मागं वहिनी, ताप आलेली वहिनी, जांभळ्या रेशमी साडीत, केसांत अबोलीचा गजरा. तिची पुण्याहून आलेली बहीण, मेहुणे, त्यांची दोन मुलं, आणि दादाचा मुलगा. सात माणसं. दादाच्या हातात कार्डं होती, पत्त्यांसारखी धरलेली.

"काका! काका, आम्ही इथं!"

तो आमच्यापासून दहा फुटांवर होता. त्यानं मान वळवली. माझ्या मुलीकडे बघितलं. तिच्या पायाखालच्या पेटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि मग हातातली कार्डं पुन्हा एकदा नीट लावली आणि पुढं चालायला लागला.

त्याचा मुलगा ओरडला, "अरे, हे लोक आलेत!" वहिनीनं त्याचं मनगट धरून ओढलं.

मुलगी मला म्हणाली, "त्यांना ऐकू नाही आलं. गर्दी आहे ना." आणि तिनं दोन्ही हात तोंडाशी धरून आणखी मोठ्यानं हाक मारली. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. दादाची पाठ नुसती पुढं पुढं जात राहिली.

इथं एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. मी दोरीखालून पलीकडे गेलो आणि त्याच्या कोटाची बाही धरली.

"ग्रेडला पास मिळत नाहीत ना तुझ्या?"

"इथं नको," तो दबक्या आवाजात म्हणाला. "घरी बोलू."

"घरी ताप आहे ना?"

"आवाज कमी कर. कंपनीच्या स्टोअर्सचे साहेब पुढं आहेत."

"असू देत की! कळू दे त्यांना. चार वर्षं माझ्या पोरांना नुसती तालीम दाखवलीस! झेंड्याशिवायची काठी दाखवलीस! आणि खरी परेड मेहुण्याच्या पोरांना?"

तोवर दोन पोलीस आले. "स्वल्प हिंदे, सार, हिंदे," म्हणत त्यांनी मला मागं रेटलं. मी मागं होईना. मी त्यांच्याशीही भांडलो. शेवटी त्यांनी मला, बायकोला, मुलांना, पेटीसकट, रांगेतून बाहेर काढून रस्त्याच्या पलीकडे नेऊन सोडलं. मैदानाची भिंत तिथून दिसत होती. बँड ऐकू येत होता. मुलानं विचारलं, "आता झेंडा लावला असेल का?"

माझ्या रागानं माझ्या मुलांची परेड बुडाली. हे मी लपवत नाही. दादा हाच मुद्दा नंतर वीस वेळा बोलून दाखवणार होता, म्हणून आधी मीच लिहून ठेवतो.

बसमध्ये बसल्यावर मुलीनं विचारलं, "अप्पा, तालीम म्हणजे काय?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. खरी परेड व्हायच्या आधी सराव करतात, तो.

"म्हणजे ते राज्यपाल नव्हते?"

"नव्हते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"काकांना?"

"हो."

तिनं खिडकीकडे तोंड केलं. सोमवारी ती वर्गात उभी राहिली नाही. बाईंना म्हणाली, माझा घसा बसलाय. वहीतली ती पानं तिनं फाडली नाहीत, काही नाही, नुसती पुढच्या पानापासून गणितं सोडवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी मी म्हणालो, चल, आपण आदल्या दिवशीच जाऊन रांग लावू. ती म्हणाली, "नको अप्पा, तुम्ही भांडता." त्यानंतर आमच्या घरातून कुणी परेडला गेलं नाही.

दोन आठवड्यांनी दादा माझ्या यार्डात आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आत नाही आला, बुटांना तेल लागेल म्हणून फाटकाशीच उभा राहिला. हातात म्हैसूरपाकाचा डबा.

"तू मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंस," तो म्हणाला.

"तू माझ्या मुलीला बघून न बघितल्यासारखं केलंस."

"समजून घे. त्या भागात आमचे स्टोअर्सचे लोक बसतात. लिलाव त्यांच्या हातात. माझा भाऊ भंगारवाला आहे हे त्यांना कळलं, तर उद्या कुणीही बोट दाखवेल."

"मी तुझ्या कंपनीतून एक खिळा तरी उचललाय?"

त्यानं बुटांकडे बघितलं.

"बोल की. एक खिळा?"

"नाही," तो म्हणाला. "पण लोकांना काय माहीत?"

"मग लोकांना सांगायचंस. सांगायचंस, माझ्या भावाचं यार्ड आहे आणि तो माझ्यासाठी आमच्या लिलावाकडे फिरकत नाही. यात लाज कसली होती?"

त्यानं हातातला डबा फाटकाच्या खांबावर ठेवला. मी म्हणालो, "यार्डामागंच घर आहे, आत चल. मुलीला एवढंच सांग, की मी तुला बघितलं होतं आणि हाक ऐकली होती. पुढचं मी बघतो."

"लहान आहे रे ती," तो म्हणाला. "विसरेल."

आणि गेला. डबा मी कामगारांना वाटून टाकला.

हे सगळं मी आज का लिहितोय? गेल्या वर्षी पुण्यात दादाच्या नातवाचं बारसं होतं. दादा निवृत्त होऊन तिथंच राहतो. जेवणं झाल्यावर माणसं जुन्या गोष्टी काढून बसली होती, आणि दादा सगळ्यांना सांगत होता, "बेंगळुरूला असताना याच्या पोरांना दर वर्षी मीच परेड दाखवायचो. पुढच्या खुर्चीत बसवायचो. काय मजा यायची त्यांना!" लोक माना डोलवत होते. कुणीतरी म्हणालं, असा मोठा भाऊ मिळायला भाग्य लागतं.

माझी मुलगी तिथंच बसली होती, तिच्या लेकराला वरणभात भरवत. तिनं मान वर केली. दादाकडे नाही बघितलं. माझ्याकडे बघितलं, मी ओरडतोय का ते. मी ओरडलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी जागच्या जागी बसून राहिलो, आणि ती पुन्हा घास कालवायला लागली.

तेव्हा दादा, आता आवाज न चढवता विचारतो. लहान होती म्हणालास, विसरली नाही. माझं भांडण, माझी जीभ, पोलिसांनी काढलेली माझी लाज, ते सगळं माझ्या खात्यात टाक, मी नाही म्हणत नाही. पण आठ वर्षांच्या मुलीनं तुला दोनदा हाक मारली होती आणि तुला ती ऐकू आली होती. तिच्यासमोर बस, तिच्या डोळ्यांत बघ, आणि सांग तिला, तू का चालत राहिलास?