कळंबची वाकलेली गॅलरी

कळंबच्या त्या घराची वाकलेली गॅलरी मला आजही आठवते. मी तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. पुढे मी नोकरी लवकर सोडली, पण तो तक्रारी अर्ज विसरले नाही.

अर्जदार एक ऊस बागायतदार. गाव त्यांना आबा म्हणे. नव्या घराच्या वरच्या मजल्याची गॅलरी वाकली होती, मुळाशी तडा गेला होता. चुकीचा नकाशा दिला म्हणून आर्किटेक्टवर फसवणुकीचा गुन्हा दाखल करा, असा अर्ज होता. ती आर्किटेक्ट बारामतीची, माझ्याच वयाची. स्वतःच्या नावानं घेतलेलं हे तिचं पहिलंच काम. गावात बोलणं सुरू झालं होतं. गुन्हा नोंदला असता तर दुसरं काम मिळणं अवघड होतं.

नकाशाची गुंडाळी घट्ट धरून ती म्हणाली, "मी गॅलरी चार फूट दाखवली होती. आता सहा आहे. कुणी वाढवली, मला माहीत नाही."

ठेकेदार म्हणाला, "मला दिलेल्या कागदावर सहाच होती. कागद हरवला."

आमचे ठाणे अंमलदार हळूच म्हणाले, "मॅडम, स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवण असतं. फोटो काढल्याबिगर कुणी घास घेत न्हाय. गावचा व्हॉट्सॲप ग्रुप बघा."

जेवणाच्या फोटोंआधी स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या लावतानाचा एक फोटो सापडला. त्यात मोजायच्या टेपचं एक टोक ठेकेदाराच्या हातात होतं, दुसरं आबांच्या.

मी तो ठेकेदारासमोर ठेवला आणि जबाब लिहू लागले. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, मराठी लिहायला वेळ लागे. समोरच्याला ती शांतता सोसत नसे.

"आबांनी सांगितलं, वाढव," तो शेवटी म्हणाला. "त्यांच्या शब्दावर मला चार घरांची कामं मिळाली. न्हाय कसं म्हणायचं?"

आबांनी काहीच नाकारलं नाही. "व्हय, मीच सांगितलं. घर माझं हाय. दोन फुटानं काय आभाळ कोसळतंय?"

"गॅलरी कोसळत आलीय, आबा."



आमचे निरीक्षक साहेब म्हणाले, समोरासमोर बसवून मिटवून टाका. पण ठाण्यात मिटलेलं भांडण बहुतेक वेळा भीतीनं मिटतं. आर्किटेक्टच्या करारपत्रात, वाद झाल्यास आधी मध्यस्थाकडे जावं, असं कलम होतं. आबांनी न वाचताच सही केली होती. मी तिघांना मध्यस्थीसाठी बारामतीच्या एका निवृत्त बांधकाम अभियंत्याकडे पाठवलं. मी स्वतः गेले नाही.

काही दिवसांनी आबा अर्ज मागे घ्यायला आले.

"त्या इंजिनेर साहेबांनी एकच इचारलं, दोन फूट कशाला पायजे होतं?" ते म्हणाले. "आमची म्हातारी गुडघ्यानं अधू. दिवसभर गॅलरीखाली, दारात खाटंवर असती. चार फुटांत तिचं पाय उन्हात राहिलं असतं. आता नकाशावाल्या पोरीला हे काय सांगायचं, म्हणून गप बसलो."

"मग?"

"पोरगी म्हणाली, आधी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशीच खांब दिलं असतं. आता खाली दोन खांब घेतोय. तंवर टेकू हाय आन् खाट आत. ठेकेदार राबतोय, माल माझा. गावात मीच सांगितलंय, पोरगी चुकली न्हाय. गोठ्याचा नकाशा पण तिच्याकडंच दिलाय."

त्यांनी सही केली, या वेळी वाचून.

ते गेल्यावर मी तिन्ही जबाब पुन्हा चाळले. 'कुणी' आणि 'कधी' मी सगळ्यांना विचारलं होतं, 'कशासाठी' एकदाही नाही. आणि ती खाट मी स्थळपाहणीत त्या गॅलरीखाली पाहिली होती. नोंदवहीत लिहिली नव्हती, एवढंच.