दुबईत दिलेल्या सल्ल्याबद्दल

गेल्या जानेवारीत मी मुलीकडे दुबईला गेलो. मुंबईच्या विमानतळावर सामान दिलं तेव्हा माझ्या बॅगेत कपडे कमी आणि आपल्याकडची हिरवी भरताची वांगी जास्त होती. मनीषाने फोनवर तेवढंच मागितलं होतं.

परत आल्यावर माजी विद्यार्थ्यांनी माझा सत्कार केला. त्यात या प्रवासातली एक गोष्ट सांगितली गेली: सरांनी परदेशात जाऊनही स्वतःच्या विद्यार्थ्याला झुकतं माप दिलं नाही. ती आपल्या शाळेच्या वार्षिक अंकातही छापून आली. ती गोष्ट तशी नाही. म्हणून हा प्रवास पहिल्यापासून लिहितो.

विमान उतरायला लागलं तेव्हा खाली निळं पाणी होतं, मग एकदम पिवळसर वाळू, आणि वाळूत पट्टीने आखल्यासारखे रस्ते. मला वाटलं होतं त्यापेक्षा हवा गार होती. बॅग पट्ट्यावरून आली ती एका बाजूने ओली. निम्मी वांगी चेपली होती. मनीषा म्हणाली, "असू द्या बाबा, नाहीतरी भाजून ठेचायचीच आहेत."

मनीषा अल कुसैसला राहते. दुबई तिथे संपत येते आणि पुढे शारजा लागतं. इमारतीखाली केरळी माणसाचं किराणा दुकान, शेजारी शिंपी, पलीकडे कराक (खूप उकळलेला दुधाचा चहा) मिळणारं छोटं हॉटेल. लोक गाडीत बसूनच हॉर्न वाजवतात आणि पोरगा चहा घेऊन धावत येतो. लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी विचारलं, "अंकल, नये आये हो? बॉम्बे से?"

"नहीं, जळगाव से."

"अच्छा, वो बॉम्बे में किधर पडता है?"

मी म्हटलं, "थोडा आगे."

घरात नात इरा मला इंग्रजीतून शिस्त लावत होती. "आजोबा, शूज ऑन द रॅक, प्लीज." मी आयुष्यभर मुलांना रांगेत उभं केलं, त्याची फेड म्हणायची.

जावई प्रशांतराव एका माल वाहतुकीच्या कंपनीत आहेत. त्यांना बेसबॉलचं वेड आहे. आपल्याकडे हा खेळ शाळांमुळे टिकला. दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून पालक मुलं पाठवायचे आणि मी त्यांना सॉफ्टबॉल, बेसबॉल शिकवायचो. तिकडे मात्र हौशी संघांची लीग आहे. दर शनिवारी सकाळी सामने होतात. प्रशांतरावांच्या संघात मराठी आहेत, पंजाबी आहेत, दोन पाकिस्तानी आणि एक श्रीलंकेचा आहे. ते संघाचे कप्तान. मी पोचलो त्याच रात्री जेवताना ते म्हणाले, "बाबा, तुमचा एक विद्यार्थी आहे आमच्याकडे. सागर पाटील. शनिवारी भेटेल."

सागर मला चांगला आठवत होता. कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या पाटलांचा मुलगा. जिल्ह्याच्या संघात माझा लेफ्ट फिल्डर होता, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला, लांबचे चेंडू अडवणारा.

शनिवारी उजाडायच्या आधी आम्ही त्याला घ्यायला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला गेलो. नावावरून बाग वाटते. प्रत्यक्षात कारखाने, गोदामं आणि कामगारांच्या राहण्याच्या इमारती आहेत. त्यांना तिकडे कॅम्प म्हणतात. सागर खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियम चौकटी बनवणाऱ्या कारखान्यात आहे. फाटकाशी उभा होता, हातात ग्लोव्ह, केस ओले. मला पाहून आधी थबकला, मग वाकून पाया पडला.

"सर, तुम्ही कधी आले?"

"परवा. तू वाळलास रे."

"इथं सगळेच वाळतात सर. फक्त प्रशांतदादा फुगतात."

गाडीत तो सतत बोलत होता. आठवडाभर या सकाळची वाट बघतो म्हणाला. बाकी दिवस कारखाना, खोली, मोबाईल. "इथं दादा नेतात म्हणून खेळतो सर, नाहीतर कुठं खेळायचं?"

मैदान शहराबाहेर आहे. पाणी मारून वाढवलेलं हिरवंगार गवत, आणि ते जिथे संपतं तिथून थेट वाळू. मध्ये कमरेएवढी जाळी. पलीकडे क्षितिजापर्यंत काही नाही. मी बाकावर बसलो आणि बऱ्याच वर्षांनी चामड्याचा तो वास घेतला. ऊन अजून कोवळं होतं.

दुसऱ्याच डावात चेंडू उंच उडाला, सागरच्या दिशेने. तो पुढे धावला, थांबला, मागे वळला, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जाऊन गवतात पडला. प्रशांतरावांनी नुसती टोपी काढून डोकं खाजवलं. शेजारचा खेळाडू म्हणाला, "हर मॅच में यही."

पुढच्या चेंडूला मी फक्त सागरच्या पायांकडे पाहिलं. डावा पाय पुढे, टाचा उचललेल्या, छाती झुकलेली. चेंडू बॅटला लागला त्याच क्षणी तो पुढे झेपावला. चेंडू जाळीपाशी पडला.

हे पाय माझे होते. आपल्या शाळेचं मैदान ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मार्केट यार्डची भिंत माहीत आहे. लेफ्ट फिल्डला ती इतकी जवळ होती की तिच्यापलीकडे चेंडू गेला की फलंदाजाला फक्त दोन बेस असा आपला घरचा नियम होता. मागे धावून उपयोगच नसायचा. म्हणून मी मुलांना सांगायचो, भिंतीला पाठ लावा आणि पुढेच या, पहिलं पाऊल पुढे. जो मागे सरकेल त्याला मैदानाच्या फेऱ्या. जिल्ह्यातली बाकी मैदानंही थोड्याफार फरकाने तशीच, म्हणून आपण जिंकत राहिलो. पण मोकळ्या मैदानावर लांबच्या क्षेत्ररक्षकाचं पहिलं पाऊल मागे पडावं लागतं. पुढे येणं सोपं असतं, मागे जाणं नाही. हे मला ठाऊक होतं. मी शिकवलं नाही, कारण लागलं नाही.

तो सामना संघ हरला. सागर बॅटिंगमध्येही शून्यावर गेला.

दुपारी संघातले दोघे मनीषाकडे जेवायला आले. फरहान हा लाहोरचा, संघाचा कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा. निखिल पुण्याचा, बँकेत नोकरीला. सागरची दुपारची ड्युटी होती, त्याला वाटेत सोडलं होतं. चेपलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी होती. फरहानने तिसऱ्यांदा भरीत घेतलं आणि विषय काढला.

"मुसफ्फावाले आज भी पूछ रहे थे. उनको आउटफिल्डर चाहिये, हमको पिचर. सागर दे दो, उनका लेफ्टी पिचर ले लो. खलास (विषय संपला)."

मुसफ्फा म्हणजे अबू धाबीकडचा कारखान्यांचा भाग, आणि पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. हंगामाच्या मध्यावर दोन संघांना खेळाडूंची अशी अदलाबदल करता येते.

निखिल म्हणाला, "अरे तो काय टीव्ही आहे का, एक्स्चेंज ऑफरमध्ये द्यायला?"

"टीव्ही होता तो कम से कम चलता, भाई."

"तेवीस वर्षांचा मुलगा आहे. एक सीझन खराब गेला म्हणून काढायचं? तूही गेल्या वर्षी सहा बॉल सोडलेस."

"मैंने छोडे, पर मेरे पास से छोडे. ये तो बॉल से उल्टी तरफ भागता है."

प्रशांतराव भाकरी मोडत होते. "मुद्दा तो नाहीये. तिकडे गेला तर त्याला आणणार कोण? कॅम्पवरून अबू धाबीची बस, तिथून पुढची बस. ड्युटी असते. दोन शनिवार जाईल, मग सोडेल. आणि इथे ठेवावा तर आपण आधीच लीगमध्ये खालून दुसरे आहोत."

मनीषा वाढता वाढता म्हणाली, "त्याला कोणी विचारलंय का?"

"विचारलं तर तो जातो म्हणेल," प्रशांतराव म्हणाले. "त्याचा स्वभावच तसा आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही शिकवलंय त्याला. आज पाहिलंत. सुधारेल का? तुम्ही म्हणाल तसं करू."

सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं: चूक त्याची नाही, माझ्या शिकवण्याची आहे, आठवडाभर मागे पाऊल टाकायला लावा. ते वाक्य माझ्या तोंडात आलंही होतं. पण जावई समोर होता, परके लोक होते, आणि त्यांच्यासमोर मी जिल्ह्याचा नावाजलेला प्रशिक्षक होतो.

मी म्हटलं, "मुलगा गुणी आहे. पण उंच चेंडूखाली त्याचा अंदाज चुकतो. ते काही शिकवून येत नाही. पिचर मिळत असेल तर घ्या."

फरहान म्हणाला, "अंकलजी, सलाम है. अपने ही शागिर्द के बारे में इतना सच कोई नहीं बोलता." मनीषाने मला आणखी भाकरी वाढली. मी ती खाल्ली.

पुढच्या आठवड्यात अदलाबदल झाली. शनिवारी आम्ही दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कचा रस्ता न घेता थेट मैदानावर गेलो. नवा पिचर छान होता. संघ जिंकला. प्रशांतरावांनी सगळ्यांना सांगितलं की सल्ला सरांचा होता.

त्यानंतर मला फिरवलं ते सगळं मी पाहिलं. खाडीवरच्या लाकडी होड्या, मसाल्यांचा बाजार, उंच इमारतीवरून खाली दिसणाऱ्या मुंगीएवढ्या गाड्या. इराने माझे पुष्कळ फोटो काढले. त्या फोटोंत मी हसत नाही, असं तिचं म्हणणं आहे. "आजोबा, स्माइल. यल्ला (चला, आटपा)." शेवटी मीच मनीषाला म्हटलं, मला अबू धाबी दाखव. तिची एक मैत्रीण मुसफ्फाजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत राहते. शनिवारी तिच्याकडे जायचं ठरलं. वाटेत संगमरवरी मशीद पाहिली. पांढऱ्या फरशीवर इतकं ऊन होतं की डोळे मिटावे लागले.

मैत्रिणीने पोहे केले होते. खाऊन झाल्यावर मी म्हटलं, जवळ कुठेतरी बेसबॉलचं मैदान असेल ना? मनीषाने माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता गाडीची किल्ली घेतली.

सामना संपला होता. मैदानात दोघेच होते. सागर, आणि त्या संघाचे प्रशिक्षक नेस्टर, फिलिपिन्सचे, पन्नाशीचे बुटके गृहस्थ. नेस्टर बॅटने चेंडू उंच उडवायचे आणि ओरडायचे, "बॅक फर्स्ट!" सागर एक पाय मागे टाकायचा, अंग वळवायचा आणि पळायचा. तीनदा तो स्वतःच्याच पायात अडखळला. चौथ्यांदा चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये बसला. तो तसाच जाळीपर्यंत पळत गेला, लहान मुलासारखा.

मग त्याने मला पाहिलं. जवळ आला, पाया पडला. नेस्टर घाम पुसत आले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "लडका अच्छा है. पहले कौन सिखाया? सिर्फ आगे आता था."

सागर माझ्या आधी बोलला. "नो कोच, सर. स्कूल में ऐसे ही खेलते थे, अपने आप."

नेस्टर हसले आणि माझ्याकडे वळले. "आप इसका अंकल?"

मी मान हलवली. नीट पाहिलं तर ती होकारार्थीच होती.

सागर गाडीपर्यंत आला. दोन बस बदलून येतो म्हणाला, पहाटे निघतो, एक शनिवार ड्युटीमुळे बुडाला. "जमेल तेवढं करू सर." दुबईकडे परतताना मनीषा म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला शिकवलंय, हे त्यांना का नाही सांगितलं?" रस्त्याच्या कडेने खजुराची झाडं ओळीने मागे जात होती.

फेब्रुवारीच्या शेवटी मी परतलो. प्रशांतरावांनी कौतुकाने सांगितलेली गोष्ट माझ्याआधी गावात पोचली होती. सत्काराच्या भाषणात कुणी म्हणालं, शिक्षक असावा तर असा निःपक्षपाती. पहिल्या रांगेत सागरचे वडील बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमानंतर मला म्हणाले, "सर, बरं केलं. पोरगं तिकडं जाऊन खेळ विसरलं, तर तुम्ही काय करणार?" मी त्यांच्याकडून हार घेतला आणि घरी आलो.

अंक छापून आल्यावर मात्र राहवेना. झेरॉक्सच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत थांबलो आणि पाटलांना सगळं सांगितलं. भिंत, पहिलं पाऊल, जेवणाची पंगत. त्यांनी यंत्र बंद केलं. म्हणाले, "मी तर त्याला फोनवर बोललो होतो, खाऊन सुस्तावला म्हणून." मग स्वतःच सागरला फोन लावून माझ्या हातात दिला.

मी त्यालाही सांगितलं. मागे कारखान्याचा आवाज होता.

"मला माहिती होतं सर. नेस्टर पहिल्या दिवशीच पाय बघून बोलले, तेव्हाच कळलं."

"मग त्यांना माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुम्ही समोर उभे होते ना."

मग तो म्हणाला, "त्याचं काही नाही वाटलं सर. तुम्ही सगळे जेवायला बसले होते त्या दिवसाचं वाटलं. मी ड्युटीवर होतो, तर वाटलं, सर आहेत तिथं, आपल्या बाजूनं कुणीतरी आहे."

मी म्हटलं, मी हे सगळं लिहिणार आहे, पुढच्या अंकात, नावानिशी.

"लिहा," तो म्हणाला. "पण खरं लिहिणार असाल तर एक टाका सर. माझी बॅटिंग पण गेली होती. त्यात तुमचा दोष नाही. मी प्रॅक्टिसच करत नव्हतो."

त्याच्या सांगण्यावरून तेही इथे नोंदवलं आहे.