भट्टीचे चाळीस अंश

माझ्या थोरल्या बहिणीइतका राग जपून ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. शाळेत असताना मी तिची कंपासपेटी मोडली, ते ती अजून सुनावते. तिच्या सरांना हे आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

ताई सिरॅमिकच्या प्रयोगशाळेत सहायक होती. पांढरी पूड तोलायची, खलात तासन्‌तास घोटायची, दाबून बटणाएवढ्या चकत्या पाडायच्या, भट्टीत भाजायच्या. मग दोन्ही बाजूंना चांदीचा लेप देऊन चकती वीज किती साठवते ते यंत्रावर मोजायचं. सातव्या वर्षी तिच्या हातून इतकी वीज साठवणारी चकती निघाली की यंत्रच बिघडलंय असं वाटून सरांनी ती तीनदा मोजायला लावली.

भट्टी मात्र पहिल्यापासून खोटारडी. ताईने सुरुवातीलाच चांदीच्या तारेचा तुकडा आत ठेवून पाहिला होता. चांदी वितळते ९६२ अंशांना, आणि तुकडा वितळला तेव्हा पडद्यावर आकडा होता १००२. म्हणजे भट्टी चाळीस अंश वाढवून सांगत होती. ताई हौसेने सांगायला गेली, तर पुरतं ऐकून न घेताच सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमचं काम भट्टी लावायचं. पडद्यावर दिसेल ते वहीत लिहा. डोकं चालवू नका."

ताईने मग दिसेल ते लिहिलं.

सरांचा शोधनिबंध छापून आला. भाजण्याचं तापमान १२४०. शेवटी आभार मानले होते भट्टी बनवणाऱ्या कंपनीचे! ताईचं नाव कुठेच नव्हतं. मी दोनदा शोधलं, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही. ताई फक्त म्हणाली, "बघच आता."

मग एका कारखान्याला त्या चकत्या हव्या झाल्या. त्यांची भट्टी नवीकोरी, आकडा चोख. सरांनी ऐटीत १२४० लावलं. दार उघडलं तर चकत्या वितळून ताटलीला चिकटलेल्या. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ताई मागे हाताची घडी घालून उभी होती. घरी येऊन तिने हे मला चार वेळा सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, चारही वेळा मला गोड लागलं.

रविवारी सकाळी सर आमच्या दारात. खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाले, "तुम्ही काय वेगळं करायचात, तेवढं सांगा. निबंधाची दुरुस्ती छापून तुमचं नाव घालतो. पहिलं घालतो."

"वेगळं काही नाही, सर. पडद्यावर दिसलं ते लिहिलं."

ते गेल्यावर मी ओरडलेच, "अगं, नाव देत होते! तेच हवं होतं ना तुला?"

"हवं होतं. पण मान खाली घालून गेला, बघितलंस? ते जास्त हवं होतं."

दोन महिन्यांनी सरांनी निबंध मागे घेतला. तसं निवेदन छापलं. तापमानाच्या नोंदी सहायकाने चुकीच्या केल्या, असं त्यात होतं, आणि पुढे ताईचं नाव, आडनावासकट. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच छापून आलं.

"याला सोडत नाही आता!" ताई कडाडली. जपून ठेवलेली नोंदवही तिने ओढली आणि पुरावा शोधायला बसली. मीही शेजारी बसले. पानापानावर १२४०, तिच्याच सुरेख अक्षरात, खाली तिचीच सही. चांदीच्या तुकड्याबद्दल एक ओळ नव्हती.