नळी गार होईपर्यंत

मर्डो मॅकअस्किलच्या बंदुकीला स्वेटर होता. राखाडी लोकरीचा, जाड विणीचा, एका टोकाला नाडी लावलेला. बायकोने, इशबेलने, विणून दिलेला. हरणांच्या इस्टेटीवर उभं आयुष्य काढलेला, पन्नाशी उलटलेला शिकारी बंदुकीला स्वेटर घालून डोंगर चढतो म्हटल्यावर लोक सोडतात थोडेच!

"टोपी पण घाल तिला, सर्दी होईल," त्याच्या हाताखालचा हेक्टर रोज म्हणायचा.

"तुझ्या तोंडाला घालतो आधी," मर्डोचं उत्तरही रोजचंच.

स्वेटर खरं तर सायलेन्सरचा होता. बंदुकीच्या तोंडाशी बसवायचं ते नळकांडं. त्याने आवाज दबतो, कळपातली एक हरिणी पडली तरी बाकीच्यांना गोळी कुठून आली ते उमगत नाही आणि त्या गोंधळून जागीच उभ्या राहतात. हिवाळ्यात हरिणी कमी कराव्याच लागतात, नाहीतर डोंगरावर काडी उरत नाही आणि थंडी सरेपर्यंत निम्मा कळप भुकेने मरतो. पूर्वीचे सायलेन्सर पोलादी होते. दिवसभर वाहून खांदा कामातून जायचा. मर्डोनेच इस्टेटीच्या मागे भुणभुण लावून हे नवे हलके मागवून घेतले होते. पण पातळ भांडं चुलीवर लवकर तापतं, तशातलीच ही गत. तीन-चार गोळ्या लागोपाठ झाडल्या की नळकांड्यावरून गरम हवेच्या लाटा उठतात, त्याही नेमक्या बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या काचेसमोर. मग पलीकडची हरिणी पाण्याखाली उभी असल्यासारखी थरथरते. बर्फात पालथं पडून मृगजळ बघायची पाळी ज्याच्यावर येते त्याला त्यात काही गंमत वाटत नाही.

उपाय आहेत. आवरण घातलं की गरम हवा एकदम वर उसळत नाही. पण त्याच आवरणात उष्णता कोंडून बसते, म्हणून चालताना ते काढायचं. बोल्ट, म्हणजे नळीचा मागचा अडसर, उघडा ठेवून नळीतून वारा खेळू द्यायचा. जमलं तर वारा आडवा लागेल अशी जागा धरायची, म्हणजे लाटा बाजूला जातात. तापलेलं नळकांडं बर्फात मात्र खुपसायचं नाही, आत बर्फ अडकलं तर नळी फुटते. हेक्टरने एकदा खुपसलं होतं, तेव्हा मर्डोने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आणि एवढं करून भागलं नाही तर थांबायचं. मर्डोला हा शेवटचा उपाय फार आवडायला लागला होता. "थांब, गार होऊ दे," हे त्याच्या तोंडचं वाक्य झालं होतं.

डिसेंबरात एक हरिणी त्याच्या हातून जखमी होऊन पळाली. खांद्यामागे बसायची गोळी पोटात बसली. मर्डो, हेक्टर आणि मर्डोची कुत्री जिप अंधार पडेपर्यंत रक्ताच्या मागावर होते. सापडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, ओढ्याच्या काठावर, मेलेली, आणि तिच्याभोवतीचं बर्फ तिने रात्रभर पाय झाडून उकरलेलं. इतक्या वर्षांत त्याने असं काम केलं नव्हतं.

"सायलेन्सर तापलेला. सगळं लटलट हलत होतं," तो म्हणाला.

हेक्टरने मान डोलावली. त्या दिवशी बऱ्याच गोळ्या झाडल्या होत्या, त्यामुळे कुणालाही पटावं असंच होतं. मर्डोला स्वतःलाही पटलं.

इशबेलने स्वेटर विणला तो त्यानंतर. जाड लोकरीच्या जुन्या पायमोज्यावर माप घेऊन, रात्री शेगडीपाशी बसून. लोकर तापली की करपल्याचा वास यायचा, पण वितळायची नाही. "आता तरी नीट दिसतं का?" तिने विचारलं, आणि तो म्हणाला, "झकास."

जानेवारीत इस्टेटीच्या मॅनेजर मिसेस गॅलब्रेथ हरणं सोलायच्या शेडमध्ये आल्या. बाई तशी वाईट नव्हती. रबरी बूट घालून रक्तातून चालायला तिला काही वाटायचं नाही.

"मर्डो, मी ऐकतेय की नव्या सायलेन्सरचा फार त्रास होतोय. जुने पोलादी अजून कपाटात आहेत. उद्यापासून तेच लावा की."

मर्डोच्या हातातली सुरी थांबली. जुना सायलेन्सर जाडजूड. दहा गोळ्या झाडल्या तरी त्यावर लाट उठायची नाही. तो लावला आणि तरीही हरिणी थरथरली, तर?

"नको बाई," तो घाईघाईने म्हणाला. "हा चांगला आहे. वजनाला उत्तम."

"अहो, मग रोज शिव्या कशाला घालता त्याला?"

"शिव्या मी बायकोला पण घालतो. म्हणून ती सोडून द्यायची का?"

बाई हसल्या आणि निघून गेल्या. हेक्टर हसला नाही. टांगलेल्या हरिणीच्या पलीकडून तो मर्डोकडे बघत राहिला आणि मग पाण्याची नळी सोडून फरशी धुऊ लागला.

या इस्टेटीवर नोकरीबरोबर घर मिळतं आणि नोकरीबरोबरच जातं. मर्डो आणि इशबेल लग्न करून ज्या घरात आले त्याच घरात अजून होते. मागच्या भिंतीशी इशबेलच्या कोंबड्या, पुढे तिने दगड वेचून वेचून केलेला बटाट्याचा वाफा. खोऱ्यात दुसरं घर मिळायचं नाव नव्हतं. जी रिकामी होती ती उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी रंगवून, कुलूप लावून ठेवलेली. मर्डो शिकारी राहिला नाही तर दोघांनी जायचं कुठे? शहरात, इशबेलच्या बहिणीच्या बैठकीत, सोफ्यावर? आणि त्याच्या घराकडे डोळे लावून बसलेला माणूस लांबचा नव्हता. हेक्टर, त्याची बायको शोना आणि तीन पोरं शेडच्या मागे कारव्हॅनमध्ये, चाकांवरच्या एका खोलीत, राहत होती. आतून भिंतींना पाणी सुटायचं. वारा पडला की पोरांचा खोकला मर्डोच्या अंगणात ऐकू यायचा. पुढचं घर रिकामं झालं की तुझं, असं हेक्टरला इस्टेटीने केव्हाच सांगून ठेवलं होतं. हेक्टरने या गोष्टीचा चकार शब्द कधी काढला नाही. त्यामुळे तर मर्डोला जास्तच लागायचं.

एका रविवारी सकाळी लापशी खाताना मर्डो म्हणाला, "घर खचतंय वाटतं. दाराची चौकट बघ, मधेच पोटातून बाहेर आलीय."

इशबेल उठली, चौकटीवरून हात फिरवून आली. "मला तर काही दिसत नाही."

"तुला कशाला दिसेल? रोज बघणाऱ्याला नाही दिसत."

इशबेल वादात हरणारी नव्हती. वडील सुतार होते, त्यांचा ओळंबा तिने फडताळातून काढला, स्टुलावर चढून चौकटीच्या माथ्यावरून सोडला. शिशाचा गोळा झुलला, हळूहळू थांबला.

"बघ. सुतात आहे की नाही?"

मर्डो बघत होता. त्याने डावा डोळा मिटला होता, बंदूक धरताना मिटायची सवय तशीच. चौकट वाकडी दिसत होती आणि तिच्याशेजारी ओळंब्याची दोरीही वाकडी दिसत होती. खाली वजन लटकवून ताठ ताणलेली दोरी, बरोबर मध्यावर, ओढ्यातल्या वेलासारखी वळलेली. त्याने डोळे बदलले. दोरी सरळ झाली. पुन्हा बदलले. वाकली.

"काय रे?"

"सुतात आहे," तो म्हणाला.

त्याने बाकीची लापशी खाल्ली नाही. बाहेर कोंबड्यांजवळ जाऊन उभा राहिला. डॉक्टरकडे जावं, तर डॉक्टर उजवा डोळा गेल्याचं लिहून देणार. लिहून दिलं की बंदुकीचा परवाना गेला, बंदूक गेली की नोकरी, नोकरी गेली की ही भिंत, या कोंबड्या, आत स्टुलावरून उतरणारी ती बाई. न जावं, तर ओढ्याकाठचं ते उकरलेलं बर्फ. बंदूक डाव्या खांद्याला लावून त्याने बघितली, दोन दिवस लपूनछपून. साध्या लाकडाच्या ओंडक्यावर नेम बसेना. कुठल्याही बाजूने वाट नव्हती, आणि त्याला भीती वाटत होती, अगदी लहान पोराला वाटावी तशी.

मग त्याने एक नवीच रीत काढली. रोज सकाळी डोंगर चढण्याआधी डोंगरपायथ्याच्या लोखंडी पत्र्यावर पाच-सहा गोळ्या झाडायच्या. बंदूक 'जागी करायला' म्हणे. त्यामुळे सायलेन्सर दिवसाच्या सुरुवातीलाच तापलेला असायचा, आणि पहिली हरिणी थरथरली तरी कारण हाताशी असायचं. नेम हेक्टरने धरायचा, कारण "माझा सायलेन्सर तापलाय, तुझा गार आहे, तूच मार." फेब्रुवारी उजाडेपर्यंत बहुतेक हरिणी हेक्टरच्याच हातच्या पडल्या होत्या.

मोसम संपायला थोडेच दिवस उरले तेव्हा भरपूर बर्फ पडलं. सकाळी बघतात तो अख्खा कळप खाली उतरून नदीकाठच्या कुरणात, घरांपासून हाकेच्या अंतरावर. पत्र्यावर गोळ्या झाडायचा प्रश्नच नव्हता, कळप उधळला असता. त्यात हेक्टरच्या बंदुकीची दुर्बीण आदल्या दिवशी दगडावर आपटून फुटलेली.

"तुझ्याच बंदुकीवर आहे आज सगळं," हेक्टर म्हणाला. "तिला स्वेटर घातलास ना? चल."

दोघं पोटावर सरपटत दगडी बांधापर्यंत गेले. वारा नावालाही नव्हता. मर्डोने बंदूक बांधावरच्या फटीत टेकवली आणि दुर्बिणीला डोळा लावला.

"डावीकडची," हेक्टर कुजबुजला. "वेगळी उभी आहे. आडवी. यापेक्षा चांगली मिळणार नाही."

मर्डोला तिचे कान दिसत होते, ढुंगण दिसत होतं. मध्ये, जिथे गोळी बसायला हवी तिथे, हरिणी वितळून वाहत होती.

"थांब," तो म्हणाला.

"का रे?"

"तापलंय."

शब्द तोंडातून गेला आणि मर्डोला तो परत गिळता येईना. सकाळपासून एक गोळी झाडली नव्हती. बंदूक रात्रभर थंड कपाटात होती. स्वेटरच्या लोकरीवर दव गोठून पांढरं झालेलं दोघांच्याही नाकासमोर होतं.

हेक्टरने दाताने हातमोजा ओढून काढला, स्वेटर मागे सरकवला आणि उघडा तळवा नळकांड्यावर ठेवला. तो उचलताना कातडी धातूला किंचित चिकटली.

"हो रे," हेक्टर म्हणाला. "चांगलंच तापलंय. थांबू या जरा."

आणि थिजलेलं नळकांडं गार होण्याची वाट बघत दोघं बर्फात पडून राहिले.

मर्डोला हुंदका आला, तो त्याने बांधाच्या दगडात दाबला. हेक्टरने शिवी घातली असती तर बरं झालं असतं. इतके दिवस तो या पिंजऱ्यात एकटा होता. आता ज्याची पोरं ओल्या कारव्हॅनमध्ये खोकत होती तो माणूस आपणहून आत येऊन त्याच्याशेजारी बसला होता, आणि दारही त्यानेच लावून घेतलं होतं. हेक्टर उद्याही असंच म्हणेल. पुढच्या हिवाळ्यातही म्हणेल. हरिणी पोटात गोळी घेऊन ओढ्याकाठी बर्फ उकरतील आणि हेक्टर मान डोलावेल.

मर्डोने बंदूक बांधावरून उचलली आणि हेक्टरच्या पुढ्यात ठेवली.

"आता झालं असेल गार," तो म्हणाला. "तू घे."

"मर्डो, अरे..."

"घे म्हणतो ना. ती हलेल."

हेक्टरने घेतली. एक दबका आवाज झाला आणि डावीकडची हरिणी उभ्या जागी खाली बसली. पाय झाडलेसुद्धा नाहीत. बाकीच्या माना वर करून इकडेतिकडे बघत उभ्या राहिल्या. हेक्टरने आणखी दोन पाडल्या, मग बोल्ट उघडला आणि कपाळ हातावर टेकून तसाच पडून राहिला. नळकांड्यावरून आता खरीच वाफ निघत होती. मर्डोने इशबेलचा स्वेटर काढून खिशात ठेवला.

"मॅनेजरबाईंकडे मीच जातो संध्याकाळी," तो म्हणाला. "आधी इशबेलला सांगतो."

हेक्टरने तोंड वर केलं नाही.

"आणि ऐक. आमच्या स्वयंपाकघरातली शेगडी वाऱ्याच्या दिवशी धूर मागे टाकते. खालची झडप अर्धीच उघडायची, पूर्ण नाही. शोनाला सांगून ठेव, पोरांना खोकला आहे."